हंगामाचं गणित

वेंगुर्ले, सकाळ. बंदरावर मासळीचा लिलाव सुरू आहे. काल एका कामाचे पैसे जमा झाले, दुसरं काम हातचं गेलं. घरून भाषांतरं करायची म्हणजे महिन्याला भरती-ओहोटी आलीच.

काजूच्या बागेचंही असंच. १९५७ साली इथं फळ संशोधन केंद्र सुरू झालं. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती तिथल्याच. कलम लावल्यावर काही वर्षं वाट पाहायची. पुढेही ऐन मोहोरात आभाळ आलं की पीक हातचं जातं. तरी बागायतदार रोज झाडाखाली जातो, मोहोर निरखतो, सुखावतो.

यश बाजारभाव ठरवतो. आनंद रोजच्या निगराणीत असतो. आज भाषांतराची चार पानं मनासारखी उतरली. दिवस सार्थकी लागला.