शून्य आणि दहा

अकरावीच्या पहिल्या चाचणीत आम्ही लिहिलेले एक शून्य अजून आमच्या स्मरणात आहे. प्रश्न असा होता: सेकंदाला 5 मीटर चालीने जाणारा चेंडू भिंतीवर काटकोनात आदळतो आणि तेवढ्याच चालीने उलट परततो, त्याच्या वेगात किती बदल झाला? पाचातून पाच गेले, बाकी शून्य, असे आम्ही निःशंकपणे लिहिले. बरोबर उत्तर 10 होते. सर एवढेच म्हणाले, "तू चाल वजा केलीस. वेग वजा करायचा होता."

हे शून्य आम्ही घरून आणले होते. आमचे वडील, अण्णा, आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणीच्या त्या जगात जमा पाच आणि नावे पाच झाले, की खाते मिटत असे. धान्याचे वस्तुमान, पैसा, वेळ या साऱ्या अदिश राशी. त्यांना किती, एवढेच विचारायचे असते. कुठे, हा प्रश्न तिथे संभवतच नाही.

सदिश राशीला मात्र तो पहिल्यांदा विचारावा लागतो. मराठीतला हा शब्द आपला अर्थ अंगावरच वागवतो: दिशेसहित असलेली ती सदिश. इंग्रजीतला 'व्हेक्टर' मुळात लॅटिन, आणि त्याचा अर्थ वाहून नेणारा. हॅमिल्टनने 1840 नंतरच्या दशकात तो गणितात रूढ केला. जीवशास्त्रात तोच शब्द रोगवाहक डासालाही लावतात. एका भाषेने वाहणे पाहिले, दुसरीने दिशा पाहिली. आम्हा भाषेच्या माणसांना या निवडीचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

सदिशांची बेरीज बाण काढून करतात. पहिल्या बाणाच्या टोकाशी दुसऱ्याचे शेपूट ठेवायचे आणि आरंभापासून अखेरपर्यंत एक नवा बाण काढायचा. 3 आणि 4 यांची बेरीज मग 7 असेलच असे नाही. दिशा एकच असेल तर 7, परस्परविरुद्ध असतील तर 1, काटकोनात असतील तर 5. क्रम उलटला तरी उत्तर बदलत नाही, कारण दोन्ही मार्ग एकाच समांतरभुज चौकोनाच्या कडांवरून त्याच कोपऱ्याशी पोहोचतात. न्यूटनने 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त गतीचे नियम सांगून होताच पहिला उपसिद्धांत मांडला, तो या चौकोनाचाच.

वजाबाकी याहून अवघड. तिची एक रीत अशी: जो बाण वजा करायचा तो उलटा फिरवायचा आणि मग मिळवायचा. चेंडूचा भिंतीकडे जाणारा बाण उलटला, की तो परतीच्या बाणाच्याच दिशेने उभा राहतो, आणि पाच-पाच मिळून 10 होतात. दुसरी रीत आम्हाला अधिक भावते. दोन्ही बाणांची शेपटे एका बिंदूवर आणायची आणि वजा करायच्या बाणाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढायची. बेरजेसाठी दुसऱ्याने जिथे थांबवले तिथून निघावे लागते. वजाबाकीसाठी दोघांनाही एकाच ठिकाणाहून निघावे लागते. दोन कवींची तुलना करताना आपण ही पायरी किती वेळा गाळतो, हे वर्गात शिकवताना आम्हाला अनेकदा जाणवले आहे.

आणि वर्गाबाहेरही. बारावीनंतर आम्ही पुण्याला अभियांत्रिकी शिकायला गेलो आणि वर्ष संपताच ते सोडून गावी परतलो, तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी घेऊन बी. ए. करण्यासाठी. अण्णांनी वहीतून मान वर न करता म्हटले, "गेलास तसाच आलास." ते वाक्य आम्हाला फार लागले. पुढे कित्येक वर्षे आमच्यात कामापुरतेच बोलणे राहिले. आम्ही मनाशी म्हणत असू, अण्णांनी तीच चूक केली, जी आम्ही चाचणीत केली होती. परतलेला चेंडू गेला तसा नसतो.

अण्णा आज नाहीत. गेल्या पावसाळ्यात कन्येला अकरावीचा हाच धडा समजावून देत होतो. तिने मधेच विचारले, "बाबा, पण चेंडू निघाला तिथेच परत आला, तर त्याचं विस्थापन शून्यच ना?"

शून्यच. जिथून निघाला तिथेच जो पोहोचला, त्याने कितीही अंतर कापलेले असो, त्याचे विस्थापन शून्य. आम्ही हे वर्षानुवर्षे जाणत होतो आणि अण्णांच्या वाक्याला कधी लावून पाहिले नव्हते. सातवीत शाळा सुटून दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस मुलगा कुठवर पोहोचला हे मोजत होता. त्याची फी ज्याने उसनवारी करून भरली, त्याने स्थान पाहणे स्वाभाविक होते. आम्ही आमची बदललेली दिशा मोजत होतो. त्यांचे शून्य चुकलेले नव्हते आणि आमचे दहाही नव्हते. वजा केलेल्या राशी निरनिराळ्या होत्या.

त्यांचे शेपूट आणि आमचे शेपूट एका बिंदूवर आणून ती रेघ आम्ही त्यांच्या हयातीत ओढायला हवी होती. कन्येच्या वहीत आम्ही दोन्ही उत्तरे लिहिली, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे राशीचे नाव.