फेब्रुवारी ओळखणारं घड्याळ

दोडामार्ग

चि. बाबू यास,


पत्र पोचलं. आयडब्ल्यूसीचं जुनं दा विंची घड्याळ मिळतंय, घेऊ का, असं विचारतोस. पैशांचा विचार तू केलाच असशील, त्यात मी पडत नाही. मी घड्याळापुरतं लिहितो.

आधी माझ्या हातातलं एचएमटी कांचन आठव. ऑटोमॅटिक, तारीख-वाराचं. त्याच्या लेखी प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा. त्यामुळे वर्षातून पाच वेळा, एक तारखेला सकाळी, चावी ओढून तारीख पुढे करावी लागते. पाटेक फिलिपनं १९९६ साली काढलेल्या वार्षिक कॅलेंडरच्या घड्याळाला तीस-एकतीसचा फरक कळतो. हात लावायचा तो फक्त फेब्रुवारी संपल्यावर. तुझं दा विंची परपेच्युअल कॅलेंडरचं, त्याला लीप वर्षसुद्धा कळतं.

कसं कळतं, ते नीट समजून घे. आत एक चकती असते, चार वर्षांत एक फेरा पुरा करणारी. तिच्या कडेवर अठ्ठेचाळीस महिने कोरलेले. एकतीस दिवसांच्या महिन्याला कड उंच, तीसच्या महिन्याला लहानशी खाच, फेब्रुवारीला खोल. आणि चार फेब्रुवारींपैकी एक किंचित उथळ, तो एकोणतीसचा. महिनाअखेरीस एक तरफ त्या कडेवर टेकते आणि जितकी आत उतरेल तितकी तारीख पुढे सरकते. एवढंच. बॅटरी नाही, चिप नाही. थॉमस मज या इंग्रज घड्याळजीनं १७६२च्या सुमारास खिशातल्या घड्याळात हे साधलं. मनगटावर यायला १९२५ उजाडलं, आणि तेव्हाही पाटेकनं वापरलेलं यंत्र १८९८ साली गळ्यात घालायच्या बायकी घड्याळासाठी केलेलं होतं.

दा विंची आलं १९८५ मध्ये. क्वार्ट्झच्या स्वस्त घड्याळांपुढे स्विस कारखाने मोडून पडत होते, अशा वेळी कुर्ट क्लाउस हा माणूस लीप वर्षाचे दाते मोजत बसला. जुन्या घड्याळांत वार, महिना, चंद्र लावायला कडेला वेगवेगळी बारीक बटणं असत. क्लाउसनं सगळं एका साखळीत बांधलं. नुसत्या चावीनं सारं एकत्र पुढे जातं आणि वर्ष चार आकड्यांत दिसतं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. मात्र ही साखळी मागे फिरत नाही. आठवडाभर पुढे गेलं, तर घड्याळ बंद ठेवून आठवडा जाऊ द्यावा लागतो.

भाव वाढेल म्हणून लॉकरात ठेवायचा तुझा बेत मात्र मला अजिबात पटला नाही. पाटेकचं १५१८ हे मॉडेल, स्टीलचं, २०१६ मध्ये जिनिव्हात एक कोटी दहा लाख फ्रँकना गेलं खरं. पण तशी स्टीलची चारच माहीत आहेत. लॉकरात तेल सुकतं, आणि ज्या हिशेबासाठी हे घड्याळ केलं तो हिशेबच थांबतो. वापरणार असशील तर घे. चक्रं दर मध्यरात्री हलली पाहिजेत. इकडे पावसात आणशील तेव्हा मात्र जप. आषाढात आपल्याकडे काचेच्या आत दव धरतं, मग गंज.

आणखी एक. आपल्या मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय तुझ्याही घरी भिंतीवर असेल. त्यातल्या तिथ्या बघ. एक तिथी कधी एकोणीस तासांची, कधी सव्वीस. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, म्हणजे गाव बदललं की क्वचित तिथीही बदलते. अठ्ठेचाळीस खाचांत हे मावणारं नाही. ब्लाँपाँनं २०१२ मध्ये चिनी कॅलेंडर मनगटावर आणलं, त्या पद्धतीतही अधिक महिना येतो. पार्मिजियानीनं हिजरीचं केलं. आपल्या पंचांगाचंही कुणी करावं असं मला मनापासून वाटतं. तू इंजिनिअर आहेस, गणिताची बाजू मी मांडून देईन.

आता व्यवहाराचं. तबकडी मूळची आहे का ते आधी बघ. गोवा मुक्त होण्याआधी स्विस घड्याळं दोडामार्गच्या याच हद्दीवरून लपूनछपून इकडे येत. तसली जुनी घड्याळं मी पुष्कळ हाताळली, त्यांतल्या बऱ्याच तबकड्या नंतर रंगवलेल्या. अक्षरांच्या कडा भिंगाखाली जाड दिसल्या की समजायचं. विकणाऱ्याला तुझ्यासमोर २८ फेब्रुवारीपर्यंत तारीख न्यायला सांगू नकोस, मागे येणार नाही. झाकण उघडून घे आणि शेवटची सर्व्हिसिंग कधी, कुणी केली ते लेखी माग. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेला हात लावू नकोस. दाते तेव्हा एकमेकांत गुंतलेले असतात, मोडतात. उघड्या यंत्राचे फोटो काढलेस की मला पाठव, मग बोलू.

तुझा,
मामा