समुद्रकाठची तहान

वाचकहो, सहलीला निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही पाणी किती पिता? माझे उत्तर अनेक वर्षे एकच होते: गोळ्या गिळण्यापुरते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल न मिळेल, आपल्या एकटीसाठी गाडी थांबवायला कसे सांगायचे, हा त्यामागचा हिशेब. तो आपण बोलून दाखवत नाही आणि घरच्यांना वाटते, आजींना तहानच कमी लागते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते हे खरेच. म्हणून तर हा हिशेब अधिक धोक्याचा.

गेल्या फाल्गुनात आम्ही पुण्याहून अलिबागला गेलो होतो. मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. दिवस मीच निवडला. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. शुद्ध पंचमी होती; पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, पावणेदहाला, ओहोटी. लहानपणी घोकलेली पाऊणकी नातीसमोर कामी आली, याचा मला केवढा अभिमान वाटला!

ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. आतले गणपतीचे देऊळ आणि समुद्राने वेढलेली गोड्या पाण्याची विहीर नातीला पाहायची होती. माझे गुडघे ओल्या वाळूत साथ देत नाहीत. "धाकट्याला मी सांभाळते, तुम्ही जाऊन या," मी म्हणाले. तसे कोणी मला सांगितले नव्हते.

पहाटे पाचला रक्तदाबाची गोळी दोन घोट पाण्याबरोबर घेतली होती. तिच्यात लघवी वाढवणारे औषधही असते. त्यानंतर अर्धा कप चहा, बस्स. अकराच्या सुमारास ऊन चढले, भरती लागली. नातू लाल बादलीतून पाणी आणून वाळूच्या खड्ड्यात ओतत होता. प्रत्येक खेपेला तो जरा पुढे जाई. त्याला हाक मारावी म्हणून मी झटकन उठले आणि डोळ्यांपुढे काळोख पसरला. मी खाली बसले की पडले, मला आठवत नाही.

दिसू लागले तेव्हा तो गुडघाभर पाण्यात, माझ्याकडे पाठ करून उभा होता. माझ्या तोंडून हाक फुटेना. किल्ल्याकडून परतणाऱ्या घोडागाडीवाल्याने उडी टाकून त्याला उचलले. "आजी, पोरगं तुमचंच ना?" बादली मात्र लाटेबरोबर गेली.

मंडळी परतली तेव्हा नातू उत्साहाने म्हणाला, "मी घोडागाडीत बसलो!" सगळे हसले. मीही हसले, वाचकहो. हे लिहिताना त्या हसण्याचीच अधिक लाज वाटते.

रात्री मात्र राहवेना, सारे सांगितले. मुलगा काहीच बोलला नाही. तो रागावला असता तर सोपे गेले असते. सूनबाईंनी विचारले, "आई, सकाळपासून पाणी किती प्यायलात?" मी गप्प. मग त्या हळूच म्हणाल्या, "मीसुद्धा नव्हते प्यायले. त्याच कारणासाठी."

डॉक्टरांनी आधी निजवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. शरीरात पाणी कमी, त्यात ते औषध आणि एकदम उठणे, असा तो मेळ होता. सहलीच्या दिवशी गोळी आपल्या मनाने टाळणारेही पुष्कळ असतात. तेही त्यांनी निक्षून नको म्हटले. गोळीची वेळ बदलायची तर आधी विचारायचे. पाणी थोडे थोडे, दिवसभर. उठताना आधी पाय हलवायचे, क्षणभर बसायचे, आधार धरून मग उभे राहायचे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितलेले असते, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. जेवण कुठे घ्यायचे हे ठरण्याआधी गाडी कुठे थांबवायची ते ठरले होते: खोपोलीला एकदा, वडखळला एकदा. किनाऱ्यावर मी खुर्चीत बसले होते आणि सूनबाई पाण्याकाठी उभ्या होत्या. बादली नवी होती, निळी.