रायतूरच्या टेकडीवर

बेळगावहून निघून, चोर्ल्याचा घाट उतरून आम्ही दोन्ही मुलांसह साष्टीतील राशोलला, म्हणजे जुन्या रायतूरला, पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. जुवारीकाठची ती पुरातन सेमिनरी भव्य खरीच. पण आमचे मन एका ग्रंथात गुंतले होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये येथेच छापले गेले. तेही रोमन लिपीत! त्या आवृत्तीची एकही प्रत आज आढळत नाही. भाविकांनी हाताने उतरून ठेवलेल्या पोथ्यांतूनच ते पुराण टिकले.

हे ऐकून थोरलीने विचारले, “मग आपण घरी प्रार्थना इंग्रजीत का म्हणतो?”

आम्ही निरुत्तर झालो. तिला इंग्रजी शाळेत आम्हीच घातले, आणि त्याचा पश्चात्तापही नाही. तथापि आजीच्या ओठांवरची जपमाळ नातवंडांच्याही मुखी राहावी, एवढी आस आहे.

परतीच्या वाटेवर तिने ‘नमो मरिया’ मराठीत आरंभिली. मध्येच ती अडखळली. आणि पुढचा शब्द सुचविताना आम्हीही अडखळलो.