ही स्क्रिप्ट कुणासाठी?

कंपनीच्या शेअरपॉइंट पोर्टलच्या पहिल्या पानाला एक मालक नसतो. पान बनतं ते ‘वेब पार्ट’ नावाच्या सुट्या तुकड्यांचं. रजेची शिल्लक दाखवणारा वेब पार्ट एचआरने करून घेतलेला, बातम्यांचा दुसऱ्या टीमचा, आलेखांचा अकाउंट्सवाल्यांचा. रिकाम्या पानावर तपासला तर प्रत्येक झटकन उघडतो. सगळे एकत्र आले की पान अडखळतं आणि दोष कुणाच्याच खात्यावर चढत नाही.

शेअरपॉइंटच्या जुन्या वेब पार्टांत जो तो स्वतःची जेक्वेरी घेऊन यायचा. फाइल दोनदा उतरायची हे एक. शिवाय नंतर आलेली प्रत आधीच्या प्रतीची जागा घ्यायची आणि आधीच्या प्रतीला जोडलेले प्लगइन नाहीसे व्हायचे. तारीख निवडायचं कॅलेंडर का उघडत नाही, याचं कारण शेजारच्या वेब पार्टात सापडायचं. सामायिक लायब्ररी बंडलबाहेर ठेवून एकाच पत्त्यावरून घ्यावी, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: ही स्क्रिप्ट लागते कुणाला? वेब पार्टच्या सेटिंगचं पॅनेल फक्त पान संपादित करणाऱ्याला दिसतं. नुसतं वाचणारे ते कधीच उघडत नाहीत. तरीही लिस्ट निवडायचा, रंग निवडायचा कोड मुख्य बंडलमध्ये बसून रोज प्रत्येकाच्या ब्राउझरात जातो. शेअरपॉइंट फ्रेमवर्कमध्ये यासाठी ‘लोडप्रॉपर्टीपेनरिसोर्सेस’ ही मेथड आहे. तिच्यात डायनॅमिक इम्पोर्ट लिहिला की तो कोड वेगळ्या फाइलीत पडतो आणि पॅनेल उघडतानाच मागवला जातो. काम थोडं आहे. करायचं मात्र वेब पार्ट लिहिणाऱ्यानेच, नंतर येणाऱ्या परफॉर्मन्स टीमवर सोडायचं नाही.

‘एकदा कॅश झालं की काय फरक पडतो?’ हे मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. कॅशमुळे डाउनलोड वाचतं. स्क्रिप्ट चालवणं दर वेळी उरतंच, आणि ते होतं त्याच मुख्य थ्रेडवर, जिथून क्लिकलाही उत्तर जायचं असतं. ५० मिलीसेकंदांपुढे लांबलेल्या कामाला ‘लाँग टास्क’ म्हणतात. डेव्हलपरच्या नव्या लॅपटॉपवर तो कळत नाही. गोदामातल्या जुन्या पीसीवर रजेचा अर्ज भरणाऱ्याला कळतो, आणि मला त्याची काळजी वाटते.

क्रोमच्या कव्हरेज टॅबमध्ये न चाललेला कोड लाल दिसतो. लाल दिसलं की कापलं, असं करू नये. एरर आल्यावरच चालणारा कोडही तिथे लालच असतो. म्हणून मी पान आधी वाचक म्हणून उघडतो, मग संपादक म्हणून, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहतो. जे फक्त संपादकाकडे चाललं, ते वाचकाच्या बंडलमधून बाहेर काढायचं. आलेखांची लायब्ररी या कसोटीत सापडत नाही, कारण ती दोघांकडेही चालते. आलेख पानाच्या तळाशी असेल, तर तो स्क्रोल करून दिसू लागेपर्यंत ती मागवायची नाही.