दुसरी पसंती

माणसाला त्याची पहिली आवड विचारावी, म्हणजे तो ताठ होतो. दुसरी विचारावी, म्हणजे तो विचारात पडतो. आपल्या बहुतेक निवडणुका पहिल्या आवडीवरच चालतात. एका नावाला पसंती द्यायची आणि बाकीची सारी नावे विसरून घरी यायचे! राष्ट्रपतीची निवडणूक मात्र वेगळी. तेथे खासदार आणि आमदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालतात. मतांचे वजनही सारखे नसते. आमदाराच्या मताचे वजन राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. आज महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ चे, तर सिक्कीमच्या आमदाराचे ७ चे.

तुमच्या-माझ्या हाती या निवडणुकीत काहीच नसते. तरी १९६९ साली तिच्यावरून घराघरांत वाद झडले. त्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उभे केले. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पद सोडून अपक्ष उभे राहिले आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्या पक्षाच्या लोकांना सद्सद्विवेकबुद्धीने मत देण्याची मोकळीक दिली. तिसरे मोठे नाव होते रायगडाजवळच्या नाते गावात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांचे.

आमच्या भुकूममध्ये नव्वदीला टेकलेले एक आजोबा आहेत. ते त्या दिवसांविषयी सांगतात, "मत आमाला नव्हतं, गुरुजी; पन भांडान आमचंच व्हतं!" स्वतः आजोबा गिरींचे. १९ जुलैला सरकारने १४ बँका ताब्यात घेतल्या होत्या; आता शेतकऱ्याला कर्ज मिळेल, आणि ज्या बाईंनी हे केले त्यांचा माणूस तोच आपला, असा त्यांचा हिशेब. थोरले भाऊ रेड्डींचे. घराने दिलेला शब्द घरातल्यांनीच मोडला, तर बाहेरच्यांनी कशावर विश्वास ठेवायचा, हा त्यांचा सवाल. शब्दाने शब्द वाढला. भाताची आवणी नुकतीच उरकली होती. पण "एक बैल तुझा, एक माझा" इथपर्यंत गोष्ट गेली.

त्यांचे वडील देशमुखांचे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस त्यांच्या मनात घर करून होता. त्यांनी एका रात्री दोघांना समोर बसवले आणि एवढेच विचारले, "तुजा न्हाई आला, तर मग कोन?" धाकटा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "देशमुख." थोरल्याचेही उत्तर तेच! म्हातारा हसला. "आरं, मग भांडताय कशापायी?"

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेला मोजणी. निवडून येण्यास ४,१८,१६९ मते हवी होती. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. मग मागचे उमेदवार एकेक करून वगळले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. तीत रेड्डींची मते पुष्कळ वाढली. तरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतांनी गिरी राष्ट्रपती झाले.

या मोजणीत गंमत अशी की, दुसरी पसंती विचारली जाते ती वगळलेल्यांच्या मतदारांना. गिरी आणि रेड्डी यांच्या मतपत्रिकांवर दुसरा आकडा कुणापुढे होता, हे पाहण्याची पाळीच आली नाही. सर्वांना दुसरा म्हणून चालला असता असा माणूस या रीतीत आधीच गळू शकतो. दोन मोठ्या गटांना एकमेकांत काय पटले असते, ते पेटीतच राहते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. भुकूमचे ते घर मात्र दुभंगले नाही. बैल एकाच गोठ्यात राहिले.

आता गावोगावच्या निवडणुकांत एका जागेसाठी एकच बटण दाबायचे असते. निकालानंतर सख्खे शेजारी महिनोन्महिने बोलत नाहीत, भाऊ भावाच्या घरचा फराळ परत पाठवतो. यंत्राला दुसरी पसंती विचारता येत नाही, हे खरे. पण ओसरीवर बसून ती विचारायला कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? तेवढा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे.