पोटमाळ्यावरील गोणपाटे

काटकसर आणि कृपणता यांचा तोंडवळा इतका सारखा आहे की, दारातून पाहणाऱ्यास त्यांपैकी कोणती कोण हे सहसा ओळखू येत नाही. दोघीही दिवा वेळेवर मालवितात, दोघीही दोरीचा तुकडा गुंडाळून ठेवितात, दोघींच्याही फडताळास कुलूप असते. परक्यांचे राहो, आम्हांस स्वतःच्या घरात पन्नास वर्षे काढूनही हा भेद कळला नव्हता. तो कळला एका अवेळी आलेल्या पावसात, आणि तोही ऐन नाताळच्या तयारीत. ती हकीकत लिहावी असे बरेच दिवस मनात होते. ती सांगताना आमची शोभा थोडी कमी होईल. परंतु त्यास इलाज नाही.

आमचे गाव अहमदनगर. सन २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. परंतु ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ते अहमदनगरच होते, म्हणून येथे तेच नाव ठेवितो. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी सन १८३१ मध्ये येथे आली, ‘ज्ञानोदय’ सन १८४२ मध्ये येथूनच निघू लागला, आणि रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा बराच काळ याच गावात गेला. तेव्हा नाताळ हा सण येथे परका नाही. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे खरे. पण शब्द परका असला तरी सणाचे पोट मराठीच राहिले. करंजी, चकली, शंकरपाळे हे जिन्नस दिवाळीत शेजाऱ्यांकडून आमच्याकडे येतात आणि नाताळात तेच आमच्याकडून शेजाऱ्यांकडे जातात. केक काय तो वरचा.

या सणाची तयारी आमची आई दिवाळीचे दिवे विझताच सुरू करी. तिची एक वही होती. पानाच्या डाव्या बाजूस जिन्नस, मध्ये माप व उजवीकडे किंमत असे तिचे तीन रकाने असत, आणि वर्षामागून वर्ष तीच वही चाले. रोजच्या दुधावरील साय महिनाभर साठवून तिचे तूप कढवावयाचे. ते विकत आणावयाचे नाही. संत्री खाल्ली की साली टाकावयाच्या नाहीत. त्या पाकात मुरवून केकमध्ये घालावयाच्या. परसातील कच्च्या पपईचे बारीक तुकडे करून तेही पाकात टाकावयाचे. बाजारात त्यालाच रंग देऊन टूटीफ्रूटी म्हणतात. मनुका रममध्ये भिजविण्याची चाल आमच्या मिशनच्या घरांत शिरली नाही. त्या संत्र्याच्या रसात भिजत. नानकटाईसाठी तूप, साखर, मैदा घरचा मळून पत्र्याच्या थाळ्यांतून बेकरीत न्यावयाचा आणि केवळ भट्टीची मजुरी देऊन भाजून आणावयाचा. दारावरील चांदणीचा कामट्यांचा सांगाडा आमच्या वडिलांनी बांधलेला. त्यावर दरवर्षी नवा पतंगी कागद घरच्या मैद्याच्या खळीने चिकटविला की चांदणी नवी होई.

इथपर्यंतची काटकसर आम्हांस गोड वाटे, कारण तिचा शेवट खाण्यात होई. जिचा शेवट दिसत नसे ती मात्र डोळ्यांत खुपे. तिचे ठिकाण पोटमाळा. धान्याचे पोते रिकामे झाले की आई ते झटकून, धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून वर ठेवी. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, सुतळीचे गुंडे, रॉकेलचे रिकामे डबे, आणि घरात सौरबंब आल्यावरही जुन्या बंबासाठी म्हणून घेतलेल्या गोवऱ्यांची दोन पोती, असा सर्व संसार तेथे नांदत असे. “आई, आता आपल्याला काय कमी आहे?” असे आम्ही एकदा थोडे त्रासूनच विचारले. ती म्हणाली, “कमी नाही म्हणूनच ठेवता येतं. कमी असतं तेव्हा उरतं कुठं?” हे उत्तर आम्ही म्हातारपणाच्या खाती टाकले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमचा धंदा महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. डिकन्सची सन १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा आम्ही कितीदा शिकविली याची गणती नाही. त्या कथेतील क्रॅचिटची बायको दोनदा उलटवून शिवलेल्या झग्यास स्वस्तातल्या फिती लावून नाताळ साजरा करते, आणि तिचे पुडिंग कपडे उकळण्याच्या हंड्यात शिजते, हा भाग आला की आमचा कंठ हटकून दाटून येई. विद्यार्थ्यांसही ते ठाऊक झाले होते. परंतु तो कंठ घेऊन घरी आल्यावर पोटमाळ्यावरील गोणपाटे दृष्टीस पडली की आम्हांस पाहुण्यांपुढे लाज वाटे. सातासमुद्रापलीकडील काटकसर आम्हांस काव्य वाटत होती आणि डोक्यावरची अडगळ.

सन २०२१ मध्ये आम्ही ठरविले की, यंदा फराळ व केक तयार आणावयाचे आणि पोटमाळा रिकामा करावयाचा. पत्नीची संमती मिळाली; आईने संमती दिली नाही आणि विरोधही केला नाही, आपली भाजणी मात्र दळून आणिली. भंगारवाल्यास डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ५ तारखेस, यावयास सांगितले. पाऊस त्याच्याआधी आला.

नगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. येथे ऐन पावसाळ्यातच पाऊस तोंड चुकवितो, मग डिसेंबरात त्याची वाट कोण पाहणार? हा महिना कोरड्या थंडीचा. शेतात ज्वारी उभी असावी, आकाश धुतल्यासारखे असावे, आणि सकाळी तोंडातून वाफ निघावी असा त्याचा थाट. त्या वर्षी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आणि १ व २ डिसेंबर हे दोन दिवस महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर पाऊस कोसळला. पावसाबरोबर बोचरा वारा होता. भरदुपारी अंगावरची शाल काढवत नव्हती. नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी टांगलेली चांदणी तासाभरात भिजून लोंबू लागली, आणि तिचा तांबडा रंग नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवरून ओघळत खाली आला. आईने आदल्या दिवशी तळलेल्या चकल्या डब्यातल्या डब्यात सादळल्या. धुतलेले कपडे घरभर दोऱ्यांवर टांगले होते आणि त्यांतले एकही वाळत नव्हते. घरात कोरडे असे काही उरलेच नव्हते म्हणा ना.

आमचे घर गावाच्या कडेला आहे. मागच्या बाजूस बाजरी निघालेले एक शेत पडीक होते. त्यात शेतमालकाने मेंढ्या बसविल्या होत्या. पाऊसकाळ सरला की धनगर कुटुंबे आपले कळप घेऊन चाऱ्यासाठी गाव सोडतात. ज्याच्या रानात कळप रात्री बसतो त्याच्या जमिनीस लेंडीखत मिळते, आणि त्याबद्दल तो धनगरास धान्य किंवा पैसा देतो. हा व्यवहार फार जुना आहे. त्या शेतात शंभर-सव्वाशे मेंढ्या, वीसएक कोकरे, एक नवरा-बायको आणि त्यांची दोन मुले एवढा बारदाना होता. आडोसा म्हणून एक ताडपत्री.

रात्री आठाच्या सुमारास ती बाई आमच्या दारी आली. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, आणि कडेवर मूल असावे तसे एक कोकरू. “मास्तर, सुकं काय हाय का घरात? कोकरं गारठली. गाडीखाली जरा जागा द्या रातच्याला.”

गाडीखाली म्हणजे गाडी ठेवण्याच्या पडवीत. तेथे आमची मोटार उभी होती. ती बाहेर काढली तर भिजणार हे उघड होते. शिवाय ओमिक्रॉन हे नाव त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांतून नव्याने कानी येऊ लागले होते, आणि घरात वृद्ध आई होती. असे सर्व विचार आमच्या मनात अत्यंत शिस्तीने रांगेत उभे राहिले. सुशिक्षित मनुष्याचा हा मोठाच गुण आहे की, त्यास कारणांचा दुष्काळ कधी पडत नाही. आम्ही बाईस सांगितले, “थांबा, एका शाळेत विचारून पाहतो,” आणि टेलिफोन उचलला. वस्तुतः शाळेत विचारण्यासारखे काहीच नव्हते. जे आम्हांस द्यावयाचे नव्हते ते दुसऱ्याने द्यावे एवढाच त्याचा अर्थ.

तोवर आई काठी टेकत दारात आली होती. तिने बाईकडे पाहिले, कोकराच्या अंगावर हात ठेवला आणि आम्हांस म्हणाली, “गाडी भिजून गंजायला वर्षं लागतील. ह्याला रात्रही लागायची नाही.” एवढे बोलून ती स्वतःच पावसात पडवीकडे निघाली. तेव्हा आम्ही टेलिफोन खाली ठेवून मोटारीची किल्ली शोधली. आमच्या औदार्याचा इतिहास एवढाच आहे.

पुढचे सर्व पोटमाळ्याने केले. मुलगी वर चढली आणि आई खालून एकेक जिन्नस सांगू लागली. कोठे काय आहे हे तिला अंधारातही पाठ होते. कोरडी गोणपाटे खाली आली. त्यांनी कोकरांची अंगे पुसली, उरलेली जमिनीवर अंथरली. रॉकेलच्या डब्यांत गोवऱ्या पेटविल्या. दोन गोधड्या बाईच्या मुलांवर पडल्या. सुतळीने ताडपत्री पडवीच्या तोंडाशी ताणून बांधली, तेव्हा आत येणारा वारा थांबला. चार खोल्यांच्या त्या घरात त्या रात्री उपयोगी पडेल अशी एकही वस्तू आम्ही विकत आणलेल्या सामानात निघाली नाही. सादळलेल्या चकल्या मुलांनी मिटक्या मारीत खाल्ल्या. चहा आमच्या पत्नीने केला. दूध संपले तेव्हा तिने सायीचे पातेले काढले. केकच्या तुपाचा विचार त्या रात्री कोणी केला नाही.

सर्व वाचले असे मात्र झाले नाही. मोठा कळप पडवीत मावणारा नव्हता. तो शेतातच कुंपणाच्या भिंतीशी उभा होता आणि धनगर रात्रभर त्याच्यात फिरत होता. लोकर चिंब भिजली की तिच्यात ऊब राहत नाही. वर वारा असला म्हणजे तीच लोकर अंगावरचे ओझे होते. सकाळी शेतात अकरा मेंढ्या आडव्या पडलेल्या होत्या, आणि पडवीतलीही दोन कोकरे उठली नाहीत. पुणे, अहमदनगर व नाशिक या जिल्ह्यांत ठिकठिकाणी अशाच मेंढ्या मोठ्या संख्येने गारठून मेल्याचे वर्तमानपत्रांनी पुढच्या दोन-तीन दिवसांत छापले. त्या बाईने मेलेले एक कोकरू गोणपाटात गुंडाळले आणि बराच वेळ ती ते मांडीवर घेऊन बसली. आम्ही काही बोललो नाही. बोलण्याजोगे काही आमच्या पुस्तकांत नव्हते.

ख्रिस्तजन्माच्या उपासनेत रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांचा उतारा आमच्या मंडळीत बहुधा आम्हीच वाचतो; आवाज बरा आहे असे लोक म्हणतात. इतकी वर्षे तो उतारा वाचून त्या रात्री रानात थंडी किती असेल हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. आणखी एक गोष्ट अशीच उशिरा ध्यानात आली. टिळकांच्या दातृत्वाच्या गोष्टी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त सांगितल्या आहेत. त्या ग्रंथाचा पहिला भाग सन १९३४ चा. त्या गोष्टी वाचून आम्ही आजवर हसत आलो. देणाऱ्याचा हात सर्वांस दिसतो. पण तो हात ज्या डब्यात जातो, तो डबा कोणी भरून ठेविला हे कोणी विचारीत नाही. पडवीचे दार त्या रात्री आम्ही उघडले असे शेजारी अजून म्हणतात. उघडून आत द्यावयास जे होते ते आईने वीस वर्षे जमविले होते. कृपण मनुष्यही साठा करितोच. पण त्याच्या साठ्यास बाहेर जाण्याचा दिवस नेमलेला नसतो. काटकसरीच्या साठ्यास तो असतो. फक्त त्याची तारीख साठविणारासही ठाऊक नसते.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले आणि कळप निघून गेला. गोणपाटे व गोधड्या त्यांच्याबरोबर गेल्या. रविवारी भंगारवाला आला, त्यास आम्ही परत पाठविले. देण्यासारखे वर फारसे उरलेही नव्हते. चांदणीस नवा पतंगी कागद आणावा तर मुलगी म्हणाली की घरी आहे त्याचेच करू. तिने जुनी नाताळची भेटकार्डे काढली. ती सर्व विलायती थाटाची, बर्फाच्छादित छपरांची व पांढऱ्या झाडांची. ती कापून तिने कामट्यांवर चिकटविली. शनिवारी २५ तारखेस आमच्या दारावर नगरच्या उन्हात डिकन्सचे बर्फ लटकत होते. करंज्या घरीच झाल्या. तूप कमी म्हणून केक त्या वर्षी लहान झाला, आणि तो पुरला.

आई सन २०२३ मध्ये गेली. तिची वही आमच्याकडे आहे. डिसेंबर २०२१ च्या पानावर सर्व हिशेब नेहमीप्रमाणे आहे: मैदा, साखर, बेकरीची मजुरी. त्याखाली तिच्या अक्षरात ‘गोणपाटे ९, गोधड्या २’ असे लिहिले असून किमतीच्या रकान्यात आडवी रेघ आहे. त्याच्या पुढच्या महिन्याच्या पानावर पहिलीच ओळ ‘गोणपाट १, धुतले’ अशी आहे.

या पावसाळ्यानंतर आम्ही पोटमाळा झाडून काढला. सध्या तेथे धुतलेली, वाळविलेली व घडी केलेली पाच गोणपाटे आहेत. आमची मुलगी परवा म्हणाली, “बाबा, आता आपल्याला काय कमी आहे?”